उरलेल्या रश्शाचं सूप: खरं काम आदल्या रात्रीचं

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कोल्हापूरकडच्या घरांत एकच चर्चा असते. पाहुणे गेलेले असतात, ओट्यावर मोठं पातेलं असतं, तळाला चार-पाच वाट्या अळणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी), बाजूच्या भांड्यात तांबडा रस्सा, टोपात भात. मग कुणीतरी म्हणतं, "सूप करूया की याचं." कल्पना चांगलीच आहे. रात्रभर मुरलेल्या अळणीचं सूप ताज्यापेक्षा चवीला वरचढ लागतं, हे मीही मान्य करतो. पण गॅस पेटवायच्या आधी मी एक प्रश्न विचारतो: हे काल किती वाजता चुलीवरून उतरलं आणि किती वाजता फ्रिजमध्ये गेलं? नीट उत्तर मिळालं तर सूप होतं. "असंल की, अकरा-बाराला" असं उत्तर आलं, किंवा "फ्रिजमध्ये कुठलं, इथंच झाकून ठेवलंय" असं, तर होत नाही.

माझी नोकरी दूध संघाच्या प्रयोगशाळेत झाली. निवृत्तीनंतर घरचा स्वयंपाक बराचसा माझ्याकडे आला आणि प्रयोगशाळेतल्या खोडी ओट्यावर आल्या. थर्मामीटर लावून आमटी तपासणारा म्हातारा म्हणून घरात माझी थट्टा होते, होऊ दे. दुधाच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पाश्चरीकरण म्हणजे दूध 72 अंशांवर 15 सेकंद तापवणं, हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ते लगेच 4 अंशांपर्यंत खाली आणणं. तापवून तसंच कोमट ठेवलेलं दूध कोणी घेणार नाही. घरात मात्र रस्सा, वरण, कढण यांच्या बाबतीत आपण पहिलं अर्धं करतो आणि दुसरं विसरतो.

आई म्हणते, "उकळून घे की रे खळखळून, काय हुतंय त्याला." बहुतेक घरांतला विश्वास हाच. तो अर्धा खरा आहे, म्हणून त्याचं आधी बघू.

उकळीने काय मरतं, काय मरत नाही

उरलेल्या अन्नात त्रास देणारे मुख्य तिघे, आणि तिघांची तऱ्हा वेगळी.

पहिला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. हा मटणाच्या रश्शाचा, मोठ्या पातेल्यातल्या डाळीचा, लग्नाकार्यातल्या जेवणाचा जंतू. याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपून राहिलेलं त्याचं रूप, साध्या उकळीला जुमानत नाहीत. रस्सा शिजताना बाकीचे जंतू मरतात, हे बीजाणू शिल्लक राहतात, आणि रस्सा हळूहळू निवताना 50 अंशांच्या खाली आला की त्यांना मैदान मोकळं मिळतं. 43 ते 47 अंशांच्या दरम्यान तर दहा मिनिटांच्या आत त्यांची संख्या दुप्पट होऊ शकते. जाड बुडाच्या भरलेल्या पातेल्याला झाकण घालून ठेवलं की ते याच टप्प्यात तासन् तास रेंगाळतं. यात एक बरी बाजू आहे. या जंतूचा त्रास तो जिवंत पोटात गेल्यावर होतो, तिथे तो विष सोडतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी खरोखर खळखळून उकळलं तर याच्यापुरती आईची गोष्ट खरी ठरते. कोमट करून वाढलं तर नाही.

दुसरा बॅसिलस सीरियस, भाताचा. हाही बीजाणूवाला, तांदळाबरोबरच घरात येतो. शिजलेला भात बाहेर राहिला की हा वाढतो आणि भातातच एक विष तयार करून ठेवतो. ते विष 121 अंशांवर, म्हणजे कुकरमधल्या तापमानाला, तासभर ठेवलं तरी नासत नाही. तुम्ही त्या भाताची पेज करा, सूप घट्ट करायला मिक्सरमधून काढा, पुन्हा चार शिट्ट्या द्या. जंतू मरतील, विष तसंच राहील. तासा-दोन तासांत उलट्या सुरू होतात त्या याच्यामुळे.

तिसरा स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा आपल्या नाकात आणि कातडीवर असतो, बोटावरच्या पिकलेल्या जखमेत तर भरपूर. हाडावरचं मटण हाताने सोडवताना, शिजलेली कोंबडी उसवताना तो अन्नात जातो, आणि अन्न उबदार जागी राहिलं की तोही विष करून ठेवतो. तेही उकळीला दाद देत नाही.

तेव्हा उकळी हवीच, पण ती फक्त जिवंत जंतूंवर चालते. रात्री ओट्यावर जे तयार झालं ते सकाळच्या गॅसवर परत घेता येत नाही. सूप चांगलं निघणार की नाही हे रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान ठरतं.

वासाबद्दलही इथेच सांगतो, कारण "वास घेऊन बघ" हा दुसरा मोठा विश्वास. आमटी आंबली, वरण विटलं, भाताला तार सुटली, फेस आला, हे सगळं नासवणाऱ्या जंतूंचं काम. त्रास देणारे जंतू बहुतेक वेळा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. वास आला तर टाकायचं हे बरोबर. वास नाही म्हणून खायचं, हे नाही. चाखून बघणं तर त्याहून वाईट.

ब्रसेल्समधली 2008 सालची एक घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली आहे. वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने टोमॅटो सॉस घातलेली, पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेर राहिलेली स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली. रात्रभर उलट्या झाल्या, सकाळी तो अंथरुणात मृत सापडला. अन्नात बॅसिलस सीरियस भरपूर होता. अशी टोकाची घटना फार क्वचित घडते, घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण "गरम केलं होतं की" याला ते उत्तर आहे.

रात्री काय करायचं

घातक पट्टा 5 ते 60 अंशांचा. 60 च्या वर जंतू वाढत नाहीत, 5 च्या खाली बहुतेकांची वाढ रखडते. अन्न या पट्ट्यातून जितक्या लवकर खाली उतरेल तितकं बरं. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि खोलीचं तापमान 32 च्या वर असेल तर एकच तास. व्यावसायिक स्वयंपाकघरांत वापरतात तो हिशेब असा: 60 वरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत, तिथून 5 पर्यंत पुढच्या चार तासांत.

आता हा हिशेब आपल्या ओट्यावर लावून बघा. मे महिन्यात कोल्हापुरात रात्री स्वयंपाकघर 28-29 अंशांवर असतं. नागपूर-चंद्रपूरकडे त्याहून कितीतरी वर. तिथे ठेवलेलं पातेलं 21 अंशांपर्यंत कधी उतरणारच नाही, कारण खोलीच तेवढी थंड नाही. "निवलं की ठेवू फ्रिजमध्ये" म्हणून वाट बघत बसलो तर पहाट होते.

म्हणून निववणं हे काम म्हणून करायचं. जेवणं उरकली, वाढप थांबलं, की भांडी घासायला घ्यायच्या आधी हे.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो उंचीने. खोल पातेल्यात मधला रस्सा बाहेरच्या हवेपर्यंत उष्णता सोडायला फार वेळ घेतो. तोच रस्सा पसरट थाळ्यात तीन बोटं उंचीने ओतला की चटकन उतरतो. पातळ अळणी त्यातल्या त्यात बरी, तिच्यात आतल्या आत हालचाल होत राहते. घट्ट वरण, पुरणाच्या डाळीचा दाट कट, उसळीचा गोळा झालेला रस्सा हे मात्र मध्यभागी कढत राहतात. वर हात लावला तर कोमट, आत पळी घातली तर वाफ. दाट काही असेल तर आणखी छोट्या भांड्यांत वाटा.

मग परातीत थंड पाणी आणि त्यात ते भांडं. दर दोन-तीन मिनिटांनी स्वच्छ पळीने ढवळायचं, पाणी कोमट झालं की बदलायचं. इथे एक आपल्याकडची अडचण आहे: उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्री दहालासुद्धा गरम असतं. नळाचं पाणी परातीत घेतलं आणि काम झालं असं मानू नका, हात घालून बघा. माठातलं पाणी घ्या, नाहीतर बर्फाचे दोन ट्रे टाका.

माझी आवडती युक्ती वेगळी. स्टीलची अरुंद बाटली पाऊण भरून फ्रीझरमध्ये कायम ठेवलेली असते. पाऊणच, कारण बर्फ फुगतो आणि काठोकाठ भरलेली बाटली फुटते. बाटली बाहेरून साबणाने धुऊन, पुसून सरळ रश्शात उभी करायची आणि तिनेच ढवळायचं. बाहेरून परातीचं पाणी, आतून बर्फ. चार-पाच वाट्या अळणी बघता बघता उतरते. प्लास्टिकची बाटली गरम रश्शात घालू नये, हे वेगळं सांगायला नको.

हाताला भांडं कोमट लागलं की फ्रिज. पूर्ण गार व्हायची वाट बघू नका. "गरम ठेवलं की फ्रिज बिघडतो" असं म्हणतात; फ्रिज नाही बिघडत, पण उकळतं मोठं पातेलं आत ढकललं तर शेजारचं दूध आणि कालचं वरण तापतं, आणि ते बिघडतं. कोमट, उथळ डबे चालतात. पहिला तासभर झाकण किंचित तिरकं ठेवा म्हणजे वाफ कोंडणार नाही, नंतर घट्ट लावा. जागा मधल्या किंवा वरच्या फळीवर, मागच्या बाजूला. दारात नको, दार सारखं उघडतं. कच्चं मटण-मासे खालच्या फळीवर, म्हणजे त्यांचं पाणी शिजलेल्यावर गळणार नाही.

फ्रिज खरंच 4-5 अंशांवर आहे का, हे बहुतेकांना माहीतच नसतं. नॉबवर 3 लिहिलंय म्हणजे 3 अंश नव्हे. पेलाभर पाणी रात्रभर मधल्या फळीवर ठेवा आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवून बघा. टोकदार सळईचा अन्नाचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, आणि मिक्सरच्या तिसऱ्या भांड्यापेक्षा नक्कीच जास्त उपयोगी पडतो.

आता तीन सवयी, ज्या मला सारख्या दिसतात.

कुकर बंदच ठेवणं. शिट्टी झालीय, झाकण लागलंय, म्हणजे आत हवा नाही, म्हणजे सकाळपर्यंत सुरक्षित, असा समज. कुकर निवताना वाफ आटते आणि शिट्टीच्या भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. शिवाय कुकरची जाड भिंत, आतलं पाणी, त्यात डाळीचा डबा. सगळं मिळून आतलं वरण तासन् तास कोमट राहतं.

हॉटपॉट. चपात्यांना ठीक. रस्सा रात्रभर हॉटपॉटमध्ये ठेवणं म्हणजे परफ्रिंजेन्ससाठी मुद्दाम उबारा करून देणं.

आणि तवंग. वर तेलाचा जाड कट आहे, लोणच्यासारखं टिकेल, असं जत्रेतले आचारीही सांगतात. लोणचं टिकतं ते भरपूर मीठ आणि आंबटपणा यांच्यामुळे. रश्शाचा तवंग उलट पांघरुणाचं काम करतो, खालचं निवू देत नाही. आणि परफ्रिंजेन्सला तर हवा नकोच असते.

पांढरा रस्सा वेगळा

यावर जरा थांबतो, कारण कोल्हापूरच्या घरांत घोळ इथेच होतो. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, काजू, खसखस. जोरात उकळला की तो फुटतो. म्हणून दुसऱ्या दिवशी लोक तो जपून, मंद आचेवर, नुसता ऊन करतात. म्हणजे ज्या एका उकळीचा थोडाफार आधार होता तीही आपण देत नाही. वर ओला नारळ मुळातच लवकर नासतो. तेव्हा पांढऱ्या रश्शाचं दुसऱ्या दिवशी सूप, हे माझ्या स्वयंपाकघरात होत नाही. रात्रीच संपवायचा, नाहीतर शेजारी रात्रीच गरम गरम वाटायचा.

सूप करायचं मनात असेल तर स्वयंपाकाच्या वेळीच अळणी बाजूला काढा. मटण शिजलं, अळणी तयार झाली, की पांढऱ्या-तांबड्याला हवी तेवढी घेऊन उरलेली तेव्हाच निववून फ्रिजमध्ये. ती पंक्तीत फिरलेली नसते, तिच्यात कुणाची पळी बुडालेली नसते, नारळ पडलेला नसतो. सुपाला याहून चांगला पाया नाही. ओल्या नारळाचं वाटण घातलेल्या आमट्या, दही-ताकाच्या कढ्या यांनाही हाच न्याय: जे उकळवता येत नाही, ते उरलेल्यांच्या सुपात नको.

भाताचं तर आधी सांगितलंच. सूप घट्ट करायला मला भात आवडतो, पण रात्री तासाभरात थाळ्यात पसरून, निववून फ्रिजमध्ये गेलेला, आणि दुसऱ्याच दिवशी वापरायचा. फडक्याखाली ओट्यावर राहिलेल्या भाताने सूप घट्ट करण्यापेक्षा पातळ सूप प्यावं. घट्टपणाला ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावता येतं, किंवा एक बटाटा ताजा उकडून.

ताटातलं उष्टं, चघळलेली हाडं, वाटीत राहिलेला घोटभर रस्सा हे सुपात जात नाही. फक्त पातेल्यातलं जातं. लग्नातून, मंगल कार्यालयातून पिशवीत आलेलं तर मुळीच नाही. ते कधी शिजलं, किती वेळ पिंपात उभं होतं, हे विचारायला माणूस सापडत नाही. कच्चं मटण मुरवलेलं दही-मसाल्याचं पाणी "वाया कशाला घालवा" म्हणून शेवटी सुपात ओतणारेही मी पाहिलेत. ते मटणाबरोबर सुरुवातीपासून शिजलं तर शिजलं, नाहीतर मोरीत.

दुसऱ्या दिवशी, प्रत्यक्ष सूप

अळणीचा डबा फ्रिजमधून काढला की वर पांढरी चरबी गोठलेली असते. चमच्याने उचलून काढा, निम्मी तरी. सगळी काढली तर चव जाते. खाली अळणी थलथलीत गोठली असेल तर उत्तम, हाडांचा रस चांगला उतरलाय. लागेल तेवढीच घ्या, बाकी डबा लगेच आत. सगळा डबा तापवून उरलेला परत फ्रिजमध्ये, हा प्रकार नको. जितक्या वेळा तापवाल-निववाल तितक्या वेळा ते अन्न त्या घातक पट्ट्यातून जातं.

हात साबणाने धुवा. बोटाला कापलं असेल, फोड असेल, तर हाडावरचं मटण दुसऱ्या कुणाला सोडवायला सांगा. मटण बारीक करा. मोठ्या तुकड्याच्या आत उष्णता पोहोचायला वेळ लागतो.

अळणी पातेल्यात घेऊन मोठ्या आचेवर पूर्ण उकळी येऊ द्या. कडेला बुडबुडे म्हणजे उकळी नव्हे. मधोमध खळखळायला हवं, आणि त्यानंतर दोन-तीन मिनिटं तशीच. थर्मामीटर असेल तर मटणाच्या तुकड्याच्या आत 74 अंश दिसले पाहिजेत. जाता जाता, महाबळेश्वरला पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं, पण 74 च्या मानाने ते भरपूर आहे, फरक पडत नाही. मग बाकीचं: किसलेलं आलं, दोन लसूण पाकळ्या ठेचून, चार-पाच मिरे कुटून, उकडलेला बटाटा कुस्करून. पाच मिनिटं आणखी. खाली उतरवून लिंबू, कोथिंबीर. मीठ शेवटी बघा, कारण अळणीत कुणी किती घातलंय याचा भरवसा नसतो. चव बघताना पळीतून वाटीत घ्या आणि वाटीतून प्या. चाटलेला चमचा पातेल्यात परत जात नाही.

शाकाहारी घरात वरणाचं सूप याच वाटेने. दोन वाट्या तुरीचं किंवा मुगाचं वरण, वाटीभर दुधी किंवा लाल भोपळ्याची उरलेली भाजी, एक ताजा टोमॅटो, दोन वाट्या पाणी. एक धोका लक्षात ठेवा: दाट वरण तापताना तळाचं भुकभुक उडतं आणि वरचं थंडच असतं, आणि आपण ते उडणं बघून गॅस बंद करतो. पाणी आधी घालायचं, घोटून सारखं करायचं, मग तापवायचं. मिक्सरमधून काढणार असाल तर क्रम असा: एकदा उकळा, थोडं निवू द्या, कारण कढत सूप मिक्सरमध्ये झाकण उडवतं आणि भाजतं, मग वाटा आणि पुन्हा उकळा. दुसरी उकळी टाळू नका. मिक्सरच्या पात्याखालची जागा आणि झाकणाचं रबर एकदा उचकटून बघा, तिथे मागच्या आठवड्यातली चटणी भेटेल. दाण्याचा कूट घातलेली भाजी सुपात खवट लागते, पण तो चवीचा मामला झाला.

टोमॅटो, चिंच, आमसूल पडणार असेल तर कल्हई उडालेलं पितळेचं पातेलं घेऊ नका, आंबटाने तांबं सुटतं. स्टील घ्या.

मायक्रोवेव्ह वापरायचा तर वाटी झाकून, मध्येच दोनदा थांबवून ढवळून, आणि झाल्यावर दोन मिनिटं तशीच ठेवून. त्यात कडेला चटका आणि मध्ये गार असं नेहमीच होतं. मी सुपाला गॅसच वापरतो.

साय, दूध, अंडं घालायचं असेल तर फक्त आत्ता पिणार त्या भागात. आणि केलेलं सूप उरलं तर त्याचं पुन्हा काही नाही. उरलेल्याचं एकदाच काहीतरी होतं.

कुणाला देताना जास्त जपायचं

गरोदर बाई, वर्षाच्या आतलं मूल, म्हातारी माणसं, केमोथेरपी चालू असलेलं कुणी: यांच्यासाठी मी आदल्या दिवसापेक्षा जुनं काही वापरत नाही. लिस्टेरिया नावाचा एक जंतू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, आणि गरोदरपणात तो बाळापर्यंत पोहोचू शकतो. उकळीने तो मरतो. म्हणून यांना सूप समोर उकळून, लगेच, गरम द्यायचं. बाकीच्यांसाठी फ्रिजमधली मुदत तीन दिवस. चौथ्या दिवशी मी डबा उघडतही नाही.

तरीही कुणाला उलट्या-जुलाब झालेच तर जलसंजीवनीची पुडी सांगितलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून घोटघोट देत राहा. शौचात रक्त, जोराचा ताप, काहीच पोटात न ठरणं, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठा. आणि काय खाल्लं, किती वाजता खाल्लं हे डॉक्टरांना सांगा. तासा-दोन तासांत उलट्या आणि दहा-बारा तासांनी जुलाब, यावरून त्यांना बराच अंदाज येतो.

फ्रीझर आणि वीज

तीन दिवसांत सूप होणार नसेल तर अळणी त्याच रात्री फ्रीझरमध्ये. वाटीभर मापाच्या छोट्या डब्यांत, वर बोटभर जागा सोडून. उणे 18 अंशांवर ती सुरक्षित राहते. चव मात्र दोन-तीन महिन्यांनी उतरते. डब्यावर चिकटपट्टी लावून त्यावर काय आहे आणि तारीख. "लक्षात राहील" हे खोटं. गोठलेली अळणी आणि गोठलेलं ताक सारखंच दिसतं. वितळवताना ओट्यावर नाही. आदल्या रात्री खालच्या फळीवर आणा, नाहीतर गोठलेला गोळा सरळ पातेल्यात टाकून मंद आचेवर सुटू द्या आणि मग उकळा.

वीज गेली तर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. गावाकडे रात्रीची वीज किती वाजता गेली हे सकाळी कळत नाही, त्यावर सोपा उपाय आहे. फ्रीझरमध्ये पेलाभर बर्फ करून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. सकाळी नाणं बर्फाच्या वरच असेल तर ठीक. पेल्याच्या तळाशी गेलं असेल, तर रात्रीत सगळं वितळून परत गोठलंय, आणि त्या फ्रीझरमधल्या अळणीचं सूप करायचं नाही.

टाकायची वेळ आली की आई हळहळते, अन्न आहे म्हणते. तिचं चूक नाही. म्हणून पुढच्या जत्रेला मी पातेल्याचं माप कमी करतो, अळणीचे डबे आधीच धुऊन, उघडे करून ओट्यावर मांडून ठेवतो, आणि पंक्ती उठल्या की पहिलं काम कुणी करायचं ते नाव घेऊन सांगतो. "कुणीतरी ठेवा रे फ्रिजमध्ये" असं म्हटलं की कुणीच ठेवत नाही.